ग्रुपवरचे निरोप आणि टेबलावरचे काम: गावपातळीवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रुजू अहवाल दिला, पदभाराच्या यादीवर सही केली आणि शिक्के ताब्यात घेतले की नवीन ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा नंबर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा व्हॉट्सॲप ग्रुपांत जोडला जातो. तालुक्याचा ग्रुप, विस्तार अधिकाऱ्यांचा ग्रुप, घरकुलाचा, रोजगार हमीचा, पाणीपुरवठ्याचा, करवसुलीचा, संघटनेचा, आणि दोन गावांचा पदभार असेल तर दोन्ही गावांचे आणखी वेगळे. तलाठी, कृषी सहायक, आशा, अंगणवाडी सेविका आणि जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक यांची स्थिती फारशी निराळी नाही, त्यामुळे पुढील उदाहरणे बहुतेक ग्रामपंचायतीची असली तरी पायऱ्या सर्वांना लागू पडतील.

मी यवतमाळ जिल्ह्यात नोकरीला लागलो तेव्हा पंचायत समितीचे पत्र टपालाने किंवा तालुक्याला गेलेल्या एखाद्या माणसाच्या हाती येत असे, आणि माहिती सादर करण्याची मुदत उलटून गेल्यावर पत्र हाती पडल्याचे प्रसंगही घडत असत. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. निरोप क्षणात पोहोचू लागला तसा निरोपाला उत्तर देणे म्हणजेच काम करणे, असा समज आपल्यात रुजला, आणि दिवसभर उत्तरे देऊन थकलेला माणूस संध्याकाळी पाहतो तेव्हा दाखले, नोंदवह्या आणि वसुलीचा हिशेब सकाळी होते तिथेच असतात. नवीन माणसाने पहिल्या महिन्यातच काही सवयी लावून घेतल्या तर हे टळू शकते.

नेमके काय बिघडते

ग्रामपंचायतीचे हिशेब आणि अभिलेख नमुना १ ते ३३ मध्ये ठेवले जातात, आणि त्यांतील नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, व नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, ही दोन कामे अशी आहेत की ती करताना घराचा क्रमांक, मालकाचे नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि मागील थकबाकी या सगळ्या गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. मध्येच मोबाइल वाजला, आपण अर्धा मिनिट ग्रुप पाहिला आणि परत वहीकडे वळलो, तरी मनाचा एक भाग त्या ग्रुपवरच राहतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली या उरलेल्या लक्षाविषयी लिहिले. अपुरे सोडलेले काम पुढच्या कामात डोकावत राहते आणि त्याची गुणवत्ता घटवते, असा त्याचा आशय आहे. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की सूचनेचा नुसता आवाज किंवा थरथर झाली आणि माणसाने फोनला हातही लावला नाही, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात.

मला सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००८ सालचा आहे. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उशिरा नव्हे, उलट लवकर उरकले, कारण गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ती घाई करू लागली. मात्र त्यांचा ताण, वैताग आणि कामाचा भार वाटण्याचे प्रमाण वाढले. आपल्या कार्यालयात हे रोज घडते. काम अडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि घाईत झालेली चूक चार महिन्यांनी कोणाच्या तरी दाखल्यावर उमटते. मी स्वतः एकदा तालुक्याच्या ग्रुपवर माहिती पाठवता पाठवता एका घराचे क्षेत्रफळ शेजारच्या ओळीत लिहिले होते. ती चूक दुरुस्त होईपर्यंत त्या म्हाताऱ्या गृहस्थाला ऐन तूर सोंगणीच्या दिवसांत तीन चकरा माराव्या लागल्या, आणि त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे अधिकच लागले.

पहिली पायरी: दोन दिवस नुसते मोजा

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी दोन कामाचे दिवस एका कागदावर रेघा ओढा. निरोप पाहण्यासाठी मोबाइल हातात घेतला की एक रेघ, आणि त्या वेळी दिसलेल्या निरोपांपैकी खरोखर तुमच्याकडून काही कृती अपेक्षित असलेल्या प्रत्येक निरोपासाठी शेजारी एक फुली. सुप्रभात, वाढदिवस, अग्रेषित चित्रफिती आणि वरिष्ठांच्या निरोपाखाली साचलेले "ओके सर" यांना फुली मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघा आणि फुल्या यांची तुलना करा. मी आकडा सांगत नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा येईल, पण फुल्या रेघांपेक्षा जास्त भरलेला कागद मी आजवर कोणाकडे पाहिलेला नाही. ही मोजणी टाळू नका. पुढच्या पायरीत कोणता ग्रुप मूक करायचा हे भीतीने न ठरवता या कागदावरून ठरवता येते.

दुसरी पायरी: ग्रुपांची वाटणी

शासकीय कामाच्या ग्रुपमधून बाहेर पडण्याचा मोह आवरा. तसे करणे उद्धटपणाचे दिसते आणि एखादा खरा आदेश चुकण्याचा धोकाही असतो. त्याऐवजी सर्व ग्रुपांचे तीन भाग करा: ज्यावर आदेश येतात ते, ज्यावर फक्त माहिती फिरते ते, आणि ज्यावर गप्पा होतात ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातील ग्रुप उघडून वरच्या नावावर बोट ठेवा, सूचना मूक करण्याचा पर्याय निवडा आणि आठ तास, एक आठवडा व नेहमी यांपैकी "नेहमी" घ्या. त्यानंतर ते ग्रुप संग्रहित करा, म्हणजे नवीन निरोप आला तरी ते मुख्य यादीत वर उसळणार नाहीत. पहिल्या भागातील ग्रुपही मूक करता येतात, आणि तिसऱ्या पायरीतील वेळा तुम्ही पाळणार असाल तर ते जरूर करावेत.

मग तातडीचे काय, हा प्रश्न प्रत्येक नवीन सहकारी विचारतो. त्याचे उत्तर जुने आहे: तातडीचे असेल त्याने फोन करावा. गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, तलाठी, आशा, प्राथमिक आरोग्य केंद्र, रोजगार सेवक, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि घरची माणसे यांचे नंबर आवडत्या संपर्कांत टाका, आणि "व्यत्यय आणू नका" ही सोय सुरू करताना त्यांचे कॉल वाजतील अशी सूट ठेवा. हे सर्वांना एकदा तोंडाने सांगावे लागते: "साहेब, मी नोंदींना बसलो की ग्रुप पाहत नाही, पण आपला फोन आला की लगेच उचलतो." एवढ्या वाक्याने माझ्या अनुभवात कोणी वरिष्ठ रागावले नाहीत, अनुत्तरित फोनमुळे मात्र रागावलेले पाहिले आहेत. आपल्या भागात यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. इंटरनेट चालत नसलेल्या ठिकाणी साधा कॉल पुष्कळदा लागतो, त्यामुळे तातडीचा निरोप ग्रुपवर टाकून निर्धास्त बसणे कोणाच्याच हिताचे नाही.

पावसाळ्यात मात्र हे नियम सैल करा. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले जातात तेव्हा खालच्या अंगाच्या भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांना वेळेवर कळणे आवश्यक असते, आणि पैनगंगा किंवा वर्धा नदीच्या काठी नेमणूक असेल तरी तेच. आपत्ती व्यवस्थापनाचा ग्रुप जून ते सप्टेंबर या काळात मूक ठेवू नये. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप मोबाइलमध्ये असू द्या आणि त्याच्या सूचना चालू ठेवा, कारण त्या काळात धुऱ्यावर आणि शेतात माणसे असतात.

तिसरी पायरी: पाहण्याच्या वेळा

दिवसातून तीन वेळा ग्रुप पाहणे बहुतेकांना पुरते: कार्यालयात पोहोचल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि कार्यालय बंद करण्यापूर्वी. एका प्रयोगात काहींना सूचना नेहमीप्रमाणे, काहींना दिवसातून तीन वेळा एकत्र आणि काहींना अजिबात मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वेळावाल्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, तर सूचना पूर्ण बंद केलेल्यांना काहीतरी सुटत असल्याची चिंता अधिक वाटली. म्हणून मोबाइल पूर्ण बंद करून ठेवण्याचा सल्ला मी देत नाही.

वेळा घड्याळापेक्षा गावाकडे पाहून ठरवाव्यात. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की माणसे सकाळीच शेतात जातात आणि दाखला हवा असलेला शेतकरी एक तर अगदी सकाळी येतो किंवा सांजवेळी. त्या हंगामात सकाळचा पहिला तास ग्रुपसाठी खर्च केला तर समोर उभा असलेला माणूस ताटकळतो आणि त्याचा रोज बुडतो. अशा वेळी आधी माणसे, मग मोबाइल. एप्रिल-मे महिन्यांत उन्हामुळे दुपारी बारा ते चार गाव शांत असते, आणि विदर्भातला उन्हाळा सोसणाऱ्याला ही शांतता ओळखीची आहे. नोंदवह्यांसाठी यापेक्षा चांगला वेळ वर्षभरात मिळत नाही.

याच पायरीत फोटो आणि चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात ती सापडते. डेटा वाचतो, मोबाइल भरत नाही, आणि उघडायचे काय हे आपण ठरवतो.

चौथी पायरी: निरोप वहीत उतरवा

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात सहा रकाने आखा: निरोप आल्याची तारीख, कोणाकडून, काय हवे, केव्हापर्यंत, कोणत्या स्वरूपात, आणि पूर्ण केल्याची तारीख. ठरलेल्या वेळी ग्रुप पाहताना वही उघडी असली पाहिजे. कृती लागणारा प्रत्येक निरोप एका ओळीत उतरवा, आणि तो उतरला की मगच पुढचा ग्रुप उघडा. त्याच वेळी काम करायला बसू नका. आधी सर्व उतरवा, मग क्रम लावा. मोबाइलमध्ये निरोपाला तारांकित करण्याची सोय आहे आणि ती शोधायला उपयोगी पडते, परंतु तारांकित निरोपांची यादी कामाचा क्रम सांगत नाही आणि मुदतही सांगत नाही.

वहीचा खरा फायदा रकाने भरताना कळतो. "सर्व ग्रामपंचायतींनी घरकुलाची माहिती तात्काळ सादर करावी" असा निरोप आला असे समजा. "काय हवे" या रकान्यात तुम्ही काय लिहाल? मंजूर घरकुले, सुरू झालेली, छतापर्यंत आलेली की हप्ता न मिळालेली? या वर्षीची की सर्व प्रलंबित? फोटोसह की नुसता आकडा? रकाना भरता येत नाही तेव्हा निरोपच अपुरा आहे, हे लगेच दिसते. वही नसलेला माणूस घाईने हाती लागेल ती माहिती पाठवतो, ती चुकीची निघते, पुन्हा मागणी येते, आणि एका कामाची तीन कामे होतात. वही असलेला माणूस एक प्रश्न विचारतो.

तो प्रश्न ग्रुपवर न विचारता संबंधित अधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारावा, आणि एकाच निरोपात पूर्ण विचारावा: "सर, घरकुलाच्या माहितीत केवळ अपूर्ण घरकुलांची संख्या अपेक्षित आहे की लाभार्थीनिहाय यादी? यादी असल्यास उद्या दुपारी २ पर्यंत देऊ शकेन." यात तुम्ही मुदतही सांगितली आहे. मुदत आपण सांगितली नाही तर तिचा अर्थ "आत्ता" असा घेतला जातो.

दुसरी सावधगिरी अभिलेखाची. पैसा, कोणाचा हक्क किंवा कारवाई यांच्याशी संबंधित आदेश ग्रुपवर आला तर त्याचे पत्र किंवा ईमेल मागून घ्या आणि आवक नोंदवहीत त्याची नोंद करा. त्याचप्रमाणे तुम्ही पाठवलेल्या महत्त्वाच्या माहितीला जावक क्रमांक द्या. मोबाइल हरवतो, बिघडतो, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी "ग्रुपवर सांगितले होते" हे उत्तर चालत नाही.

पाचवी पायरी: पाठवणारा म्हणून शिस्त

आपण केवळ निरोप घेणारे नाही. दुसऱ्याचे लक्ष मोडणारेही आहोत. ग्रुपवरील आदेशाखाली "ओके सर" लिहू नका, कारण साठ ग्रामपंचायतींनी तसे लिहिल्यावर मूळ निरोप शोधायला प्रत्येकाला बोटाने वर वर सरकावे लागते. निरोपावर अंगठ्याची खूण ठेवली तरी पोच कळते. ग्रुपवरील निरोपाची "माहिती" उघडून पाहिली तर कोणी वाचले हे पाठवणाऱ्याला दिसतेच. ओळख झाल्यावर, योग्य वेळ पाहून, तालुक्याच्या ग्रुपप्रमुखांना दोन सूचना करता येतील: आदेशाच्या ग्रुपमध्ये फक्त प्रमुखांनाच निरोप टाकता येईल अशी सेटिंग ठेवावी, आणि आकडे गोळा करायचे असतील तेव्हा एकच सामायिक गूगल शीट द्यावी. शीट भरताना आपल्याच ओळीत लिहा. दुसऱ्याची ओळ खोडणाऱ्यांमुळे ही चांगली सोय काही तालुक्यांत बदनाम झाली आहे.

फोटो पाठवताना बारा ऐवजी तीन पाठवा आणि प्रत्येकाखाली गाव, काम आणि तारीख लिहा. लाभार्थ्याचे आधार कार्ड किंवा बँक पासबुक ग्रुपवर कधीही टाकू नका, आणि काम झाल्यावर ते फोटो मोबाइलमधूनही काढून टाका.

मेळघाटात किंवा भामरागडसारख्या तालुक्यात नेमणूक असेल तर अनेक गावांत रेंज नसते आणि दिवसभराचे निरोप एखाद्या उंचवट्यावर उभे राहून एकदम पाठवावे लागतात. याकडे अडचण म्हणून पाहिले जाते, आणि ती आहेच. पण तिथले सहकारी निरोप आधी नीट लिहून ठेवतात, त्यामुळे त्यांचे निरोप इतरांपेक्षा पूर्ण असतात असे मला आढळले. रेंजबाहेर लिहिलेला निरोप मोबाइलमध्ये थांबून राहतो आणि रेंज आली की जातो. म्हणून "आज", "आत्ता" असे शब्द न वापरता तारीख आणि वेळ लिहावी.

सहावी पायरी: गावाचा ग्रुप

गावाच्या ग्रुपवर नळाला पाणी कधी येणार, लसीकरण कोणत्या दिवशी, ग्रामसभा कधी, एवढेच टाका. वैयक्तिक तक्रारीवर तिथे चर्चा सुरू झाली की तुमची दुपार गेली असे समजा. "उद्या सकाळी कार्यालयात या, आपण नोंद घेऊ" हे उत्तर पुरेसे आहे. तक्रार नोंदवहीत आली म्हणजे तिचा पाठपुरावा होतो, ग्रुपवर तिचे भांडण होते.

ग्रुपवर टाकले म्हणजे गावाला कळले, असेही धरू नका. एका आजीबाईंना मी, ग्रुपवर टाकले होते ना, असे म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "मोबाइल तं पोराजवळ असते साहेब, अन् पोरगा पुण्याले हाय. मले काय मालूम?" सूचना फलकावर नोटीस लावणे आणि दवंडी देणे ही कामे चालूच ठेवावी लागतात. दवंडीने कोणाचे लक्ष मोडत नाही असे नाही, पण ती एकदा होते आणि संपते.

सातवी पायरी: सलग दीड तास

ग्रामपंचायतीचे दार बंद करून बसता येत नाही आणि बसूही नये. तरीही आठवड्यातून चार दिवस सलग दीड तास सांभाळता येतो. त्या वेळात मोबाइल खिशात किंवा टेबलावर न ठेवता कपाटात किंवा पिशवीत ठेवा. कॉलचा आवाज तिथूनही ऐकू येतो. रोकडवही, नमुना ९ मधील मागणी, मासिक सभेचे इतिवृत्त, ही कामे याच वेळात करा. लाइन गेली की संगणक थांबतो, पण हाताने करायच्या नोंदी थांबत नाहीत, म्हणून भारनियमनाच्या वेळापत्रकाशी हा दीड तास जुळवणारे माझे एक सहकारी आहेत आणि त्यांच्या वह्या तालुक्यात सर्वांत अद्ययावत असतात. पंखा नसल्याने घाम येतो, एवढे मान्य करायला हवे.

मध्येच कोणी आले तर उठण्यापूर्वी पेन्सिलीने ओळीवर खूण करा आणि पुढे काय करायचे ते चार शब्दांत लिहा. परतल्यावर शोधाशोध वाचते.

रात्रीचे निरोप आणि महिनाअखेर

रात्री नऊनंतर आलेला निरोप, आपत्ती किंवा निवडणुकीचे काम सोडल्यास, सकाळच्या पहिल्या वेळेत वहीत उतरवला तरी चालतो. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा विचारणा होईल आणि सकाळी साडेदहाला पूर्ण माहिती मिळते असे दिसले की थांबेल. मात्र सकाळची माहिती खरोखर पूर्ण असली पाहिजे.

महिन्याच्या शेवटी वहीतील अपूर्ण ओळी नव्या पानावर उतरवा आणि संपलेल्या मोहिमांच्या ग्रुपांतून, प्रमुखांना कळवून, बाहेर पडा. सर्वेक्षण उरकून वर्ष झाले तरी त्याचा ग्रुप शुभेच्छांवर जिवंत असतो. बदलीचा आदेश आला की पदभाराच्या यादीत दप्तर, शिक्के आणि किल्ल्या यांच्याबरोबर या वहीचाही एक क्रमांक टाका, कारण तुमचा मोबाइल तुमच्याबरोबर जाईल आणि नवीन माणसाला कोणती माहिती कोणाला देणे बाकी आहे, हे फक्त त्या वहीतूनच कळेल.